बहीखाते ते एक्सेल : वर्गातले काही हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू कॉमर्सच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." समोर बघते तर निम्मे कारखानदार, काही गोदामवाले आणि पहिल्या रांगेत आपल्याकडून पाढे घोकून घेणारे गुरुजी. तेव्हा पुस्तकी भाग बाजूला ठेवते आणि भिवंडीचंच बोलते.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं एमएससीआयटी करून येतात. २००२ पासून तो कोर्स गल्लोगल्ली पोचला. अक्षर ठळक करणं, रकाना रंगवणं त्यांना येतं. टॅलीही येत असेल तर घरचे म्हणतात, आता नोकरीला मरण नाही. पण फळ्यावर 'माहिती प्रणाली' असं लिहिलं की चेहरे कोरे. एका वर्षी मी विचारलं, रात्रपाळीला गोदामात कोण कोण जातं? सात-आठ हात वर. काल्हेर, वळ, माणकोली. एक जण म्हणाला, "खोक्यावर स्कॅनर धरायचा, बीप वाजला की पुढचं खोकं." मी विचारलं, बीप वाजल्यावर ती माहिती जाते कुठे? याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

दोन तास त्या एका बीपच्या मागे गेले. साठ्यात एक नग वाढला, रॅकचा नंबर लागला, पाठवणाऱ्याच्या चलनाशी आकडा जुळला, उद्या माल निघेल तेव्हा बिल आणि ई-वे बिल याच आकड्यावर बनणार. शिवाय तासाला किती खोकी झाली, हेही सुपरवायझरला दिसणार. हे शेवटचं ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, माझाही हिशेब त्यातच होतो?" होतो. त्यानंतर त्या वर्गाला व्याख्या पाठ करायला सांगावी लागली नाही.

स्प्रेडशीटची गोष्ट मुलांना आवडते, कारण ती त्यांच्यासारख्याच एका विद्यार्थ्याच्या वैतागातून आली. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. एक आकडा बदलला की पुढचे सगळे खोडून पुन्हा मांडायचे, हे त्याला नकोसं झालं. बॉब फ्रँक्स्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क बनवलं, ते १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर आलं. एक्सेल आलं १९८५ मध्ये.

आमच्या वर्गात घरून आणलेली खाती तीन-चार लिप्यांत असतात. मराठी, उर्दू, तेलुगू, एखादं गुजराती. शीटमध्ये आकडे मात्र सगळ्यांचे एकसारखे. सूत्रातला एक आकडा जागेवर पक्का करायला डॉलरचं चिन्ह लागतं, तेव्हा दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, रुपयाचं का नाही?"

आता खरा हिशेब. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, चुकलं तर थांबवा. एका मुलीच्या वडिलांचे चोवीस माग, मजुरीवर कापड विणायचे. तिने शीट मांडलं. माग मिनिटाला १५० पिकं टाकतो, कापडात इंचाला ५२ पिकं. (गुरुजी, हे पीक शेतातलं नव्हे, बाण्याचा एक फेरा.) माग न थांबता चालला तर तासाला जेमतेम ४.४ मीटर. ८० टक्के वेळ चालला तर चोवीस तासांत सुमारे ८४ मीटर. पिकाला १० पैसे म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. एका मागाचे दिवसाला साधारण ४३९ रुपये, खर्च वजा न करता.

मग तिने ८० च्या जागी ७० घातले. ४३९ चे ३८४ झाले. चोवीस मागांवर रोजचा तेराशेचा फरक. धागा कच्चा असला की तो तुटतो, माग थांबतो, एवढंच कारण. तिने तिसरा आकडा बदलला. दुसरा व्यापारी चांगलं सूत देत होता, पण दर साडेनऊ पैसे. ८० टक्क्यांवर त्याचे ४१७ येत होते. म्हणजे ज्या अर्ध्या पैशासाठी वडील त्याच्याशी बोलत नव्हते, तो कमी घेऊनही फायदाच होता.

ती शीट घरी घेऊन गेली. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "हे सत्तर आणि ऐंशी कुठून आणलेस?" मला तर तो वर्गातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगला वाटतो. तिने महिनाभर फोल्डिंगच्या रजिस्टरातून तागे मोजले. कच्च्या सुतावर आकडा ७१ निघाला. वडील म्हणाले, ठीक. पण व्यापारी काही बदलला नाही. पहिला पंधरा दिवसांत पैसे चुकते करतो, दुसऱ्याकडे तीन महिने अडकतात, आणि कामगारांचा पगार थांबत नाही.

आम्ही शीटमध्ये 'उधारीचे दिवस' असा रकाना वाढवला, त्यावर व्याज लावलं. व्याज धरूनही दुसराच किफायतशीर दिसत होता. पण पगाराच्या दिवशी हातात रोकड नसण्याची किंमत किती धरायची, ते ना मला सांगता आलं ना तिला. ती जागा रिकामी ठेवून तिने प्रोजेक्ट दिला. मी तिला पूर्ण गुण दिले.

प्रोग्रामिंगचं थोडक्यात सांगते. ते येतं सगळ्यात शेवटी, आणि कंस बघूनच मुलं घाबरतात. मी आधी वहीत मराठीत लिहून घेते : जर तागा शंभर मीटरपेक्षा कमी भरला, तर बाजूला काढ, नाहीतर शिक्का मार. मशीनला तेच 'जर-तर' त्याच्या भाषेत सांगायचं असतं. चोवीस मागांसाठी ते चोवीस वेळा लिहायचं नाही, हे कळलं की अर्धी भीती जाते.

शेवटी एक मागणी. आपल्यापैकी कित्येकांनी माग भंगारात काढले, मला ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर रजिस्टरं रद्दीत देऊ नका. पीक-दराच्या वह्या, पगारपत्रकं, जुनी चलनं माझ्याकडे पाठवा. नावं आम्ही खोडून टाकू. शंभर-दीडशे मुलं दरवर्षी खोट्या कंपनीच्या खोट्या आकड्यांवर सराव करतात, त्यांना हे खरे आकडे हवेत. चहाच्या वेळी मी दाराशीच आहे.