सेकंडहँड ईव्ही आणि रोजचा रस्ता



विजेच्या गाडीचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एका चार्जमध्ये किती जाते? पेट्रोलच्या गाडीबद्दल "एका टाकीत किती जाते" असं आपल्याला कुणी विचारत नाही, मायलेज विचारतात. इथे मात्र सगळ्यांना एकदम पुण्याहून नागपूर गाठायचं असतं. आज मी नागपूरला जाणाऱ्या गाडीबद्दल बोलणार नाही. कोथरूडहून हिंजवडीला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, त्यासाठी कुणीतरी आधी वापरलेली, लहानशी, विजेवरची गाडी घ्यावी का, एवढाच आजचा विषय आहे. कोथरूड ते हिंजवडी अंतर साधारण 17-18 किलोमीटर. जाऊन-येऊन 36 धरू.

असा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. 2001 साली बंगळुरूच्या चेतन मैनी यांनी 'रेवा' बाजारात आणली. दोन दारांची, लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालणारी गाडी. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, म्हणजे 48 व्होल्ट. एका चार्जमध्ये जेमतेम 80 किलोमीटर. लंडनमध्ये तीच 'जी-विझ' या नावाने विकली गेली आणि शहरात शिरण्याचा कर वाचतो म्हणून तिथल्या लोकांनी ती घेतलीही. आपल्याकडे तिची चेष्टाच जास्त झाली. पण रोज 30-35 किलोमीटर जाणाऱ्याला तिची रेंज तेव्हाही पुरत होती. तिचं दुखणं वेगळं होतं : लेड-ॲसिड बॅटरी काही वर्षांत दमायची आणि बदलायला भारी पडायची. 2010 मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली, 2013 मध्ये लिथियम-आयनवरची 'ई-टू-ओ' आली. मग इतर कंपन्यांकडून 2022 च्या सप्टेंबरमध्ये टियागो ईव्ही आणि 2023 मध्ये कॉमेट. या दोन गाड्यांमुळे लहान विजेची गाडी मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आली, आणि आता त्यांतल्या सुरुवातीच्या गाड्या दुसऱ्या मालकाच्या शोधात आहेत.

आता हिंजवडीच्या कोंडीकडे या. पेट्रोलची गाडी सिग्नलला उभी असतानाही पेट्रोल पिते. विजेची गाडी उभी राहिली की मोटर थांबते. खर्च होतो तो एसीचा आणि दिव्यांचा. शिवाय ब्रेक दाबला, किंवा नुसता पाय उचलला, की मोटरच जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 30 ने रांगणाऱ्या गाडीला तो जवळपास जाणवत नाही, 100 ने धावणारीला तोच खातो. म्हणून गंमत अशी, की जो रस्ता पेट्रोलच्या गाडीला सर्वांत महाग पडतो, तोच विजेच्या गाडीला स्वस्त. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2025 च्या ऑगस्टपासून विजेच्या मोटारींना टोल नाही, ही चांगलीच सवलत आहे. पण ऑफिस गाठणाऱ्याला तिचा उपयोग नाही आणि लहान बॅटरीला तो रस्ता मानवतही नाही.

खरा विषय बॅटरीचा. टियागोची लहान बॅटरी 19.2 युनिटची. नवी असताना शहरात, एसी लावून, किलोमीटरला 0.12 युनिट धरलं तर 160 किलोमीटर निघतात. समजा मागच्या मालकाने तिचे हाल केले आणि तिची पाचवा हिस्सा क्षमता गेली. उरली सव्वापंधरा-साडेपंधरा युनिट, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. आपल्याला रोज लागतात 36. विकणारा ज्या बॅटरीला थकलेली समजून भाव पाडतो, ती आपल्याला तीन दिवस पुरते. सेकंडहँड ईव्हीचा सगळा फायदा याच फरकात दडलेला आहे, आणि तो फक्त त्यालाच मिळतो ज्याला आपला रोजचा रस्ता नीट माहीत आहे.

मात्र बॅटरीची खरी अवस्था गाडीच्या पडद्यावरून कळत नाही. या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या आहेत. त्या टिकाऊ, उन्हाला तुलनेने सहनशील. पण त्यांचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं. त्यामुळे आत किती चार्ज उरला आहे, याचा गाडीच्या संगणकाला अंदाजच करावा लागतो आणि तो अंदाज हळूहळू घसरतो. मधूनमधून शंभर टक्के चार्ज करायचं ते याचसाठी : वरचं टोक गाठलं की हिशेब पुन्हा जुळतो. डीलरच्या अंगणात दोन महिने धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचे टक्के म्हणून गंभीरपणे घेऊ नयेत. रात्री पूर्ण चार्ज करून घ्या, दुसऱ्या दिवशी ती आपल्याच रस्त्यावर चालवा, तीस टक्क्यांपर्यंत उतरवा आणि ट्रिप मीटरवर किती युनिट खर्ची पडली ते पाहा. सत्तर टक्क्यांत साडेदहा युनिट गेली असतील, तर बॅटरी पंधराच्या घरात आहे. विकणारा एवढा वेळ देत नसेल, तर पुढची गाडी बघावी.

वॉरंटीचं पुस्तक मागायला लाजू नका. टियागोच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, कॉमेटच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,20,000 किलोमीटर. दुसऱ्या मालकाला त्यातलं काय मिळतं आणि त्यासाठी सर्व्हिसच्या कुठल्या नोंदी लागतात, हे सौदा होण्याआधी वाचायचं. कॉमेटसारख्या काही गाड्या 2024 पासून बॅटरी भाड्याने, किलोमीटरमागे पैसे भरण्याच्या योजनेतही विकल्या गेल्या. अशा वेळी आपण घेतोय ते गाडीचं धूड, बॅटरीचा करार वेगळाच! तो कुणाच्या नावावर राहणार, हे लेखी घ्या.

नंबरप्लेट बघा. खासगी विजेच्या गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं, प्रवासी वाहतुकीच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. टॅक्सीच्या ताफ्यातून खासगी झालेली गाडी स्वस्त मिळते, पण ती बहुधा दिवसातून दोनदा फास्ट चार्ज झालेली असते. 2025 च्या एप्रिलमध्ये ब्लूस्मार्ट या विजेच्या टॅक्सींच्या कंपनीची सेवा थांबली तेव्हा अशा ताफ्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न सगळ्यांसमोर आला. आणखी जुन्या, 2017 च्या सरकारी खरेदीतल्या टिगोर आणि ई-व्हेरिटोंचा वेगवान चार्जिंगचा प्लगच निराळा आहे. आजच्या सीसीएस-2 प्रकारच्या प्लगच्या स्टेशनवर तो बसत नाही. घरी चालेल, वाटेत नाही.

पुण्यात आणखी एक बघावं लागतं : गाडी पाण्यात बुडली होती का. 2024 च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांची पार्किंग पाण्याखाली गेली. बॅटरीचा डबा पाणीबंद असतो हे खरं. पण कनेक्टर, वायरिंग आणि सीटखालचे कंट्रोलर गंजायला वेळ लागत नाही. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघावी. स्पीडब्रेकरला घासून बॅटरीच्या तळाला पोचे आले असतील, तर तेही तिथेच दिसतील.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विजेच्या गाडीतही 12 व्होल्टची साधी लहान बॅटरी असते. संगणक, दारांची कुलपं, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती मेली, की शंभर टक्के चार्ज असलेली गाडी जागची हलत नाही. रस्त्यात बंद पडलेली ईव्ही पाहून "बघा, म्हटलं नव्हतं" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. काही वर्षं झालेल्या गाडीत ती मी विचार न करता बदलून टाकीन.

कराबद्दल दोन वाक्यं, कारण 2024 च्या डिसेंबरमध्ये जीएसटी परिषदेच्या निर्णयावरून बराच गोंधळ उडाला. 18 टक्के जीएसटी लागतो तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्याच्या रकमेवर. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर लागत नाही.

आता सोसायटी. माझ्या मते जुन्या ईव्हीचा फैसला शोरूममध्ये होत नाही, सोसायटीच्या कमिटीत होतो. 36 किलोमीटरला सव्वाचार-साडेचार युनिट. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर पाच. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिट मिळतात, म्हणजे दोन तासांचंही काम नाही. लागतं काय, तर आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत चांगल्या जाडीची तांब्याची वायर, एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थिंगच नावापुरतं असतं. चार्जर लाल दिवा लावून नकार देतो आणि लोक गाडीला दोष देतात. खिडकीतून सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड हा उपाय नव्हे. एवढा प्रवाह तासन् तास वाहिला की तो वितळतो.

केंद्र सरकारच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या चालू जोडणीवरूनच गाडी चार्ज करायची मुभा स्पष्ट दिली आहे. तरीही कमिटी एनओसी देत नाही. कारण बहुधा एकच : "तुम्हाला दिलं तर सगळे मागतील." मागू देत की! सगळे मागणार असतील तर मंजूर भार आजच मोजून घ्यावा, म्हणजे पाचव्या गाडीला ट्रान्सफॉर्मर बदलायची पाळी येणार नाही. इमारतीला आग लागेल ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण ती दूर होते ती योग्य वायर आणि आरसीसीबीने, सभेत ठराव करून बंदी घातल्याने नाही. चोरून एक्स्टेन्शन टाकणारा माणूस या बंदीतूनच तयार होतो.

घरच्याच मीटरवर घेतलं तर महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वाढतात आणि तीनशे युनिटच्या पुढचा महाग टप्पा लागतो. गाडीसाठी महावितरणकडून वेगळं मीटर घेतलं तर तो टळतो. दर दहा रुपये धरला तरी दिवसाचे पन्नास रुपये. तेवढ्याच रस्त्याला लिटरला 15 देणारी पेट्रोलची गाडी अडीचशे रुपये खाते.

ज्याची गाडी रस्त्यावर, जागा मिळेल तिथे उभी राहते, त्याला मी ही गाडी घ्या म्हणणार नाही. रोज सार्वजनिक स्टेशनवर रांग लावायची, घरच्यापेक्षा महाग दर द्यायचा आणि अर्धा तास मोबाइल बघत बसायचं, त्यापेक्षा त्याने सीएनजी घ्यावी. आणि ज्याच्याकडे पार्किंग आहे पण कमिटीची परवानगी नाही, त्याने टोकन देण्याच्या आधी एनओसीचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि येत्या वार्षिक सभेला स्वतः हजर राहावं.