करवत, काटकोन आणि काकणं

(कराड येथे महिलांच्या सुतारकाम प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चौकटीचे चारही कोपरे फट न राहता जुळवायचे, एवढंच आजचं काम. मी समाजकार्य शिकलेली, सुतार नव्हे. हे मशीन मीही तुमच्याबरोबर मिस्त्रींकडूनच शिकले. पण ज्या सातारा-सांगलीत इंदुताई पाटणकरांच्या बरोबरीनं परित्यक्ता बायका हक्क मागायला रस्त्यावर आल्या, तिथं 'हाताला काम द्या' याच्या पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. कोणतं काम? पापड-लोणचीच का? सुताराच्या घरातली बाई फळ्या वाहते, पॉलिशपेपर घासते, भुसा झाडते. करवत तिच्या हाती येत नाही, म्हणून मजुरीही मदतनिसाचीच.

आता मशीनकडे या. मायटर सॉचं गोल पातं वरून खाली येतं आणि खालची तबकडी फिरवून कोन धरायचा. काटा शून्यावर असेल तर काप सरळ, ४५ वर असेल तर तिरपा. असे दोन तिरपे काप जुळले की काटकोन. सहा बाजूंची चौकट असेल तर ३०. जुन्या घरांच्या भिंती कुठं काटकोनात असतात? कोपरा ९२ अंश भरला तर ४४ धरा.

पण छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे कापा, जुळवा, गुण्या लावा. गुण्यात दिसेल त्याच्या निम्मी चूक काट्याची. अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. चौकटीला आठ काप असतात. दर कापाला अर्धा अंश गेला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट. समोरासमोरच्या बाजूही तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर कोन बरोबर असूनही चौकट बसणार नाही.

पातं मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेतं. हात त्याच्यापासून वीतभर लांब. तिरप्या कापाला लाकूड मागच्या पट्टीवरून सरकू पाहतं, म्हणून ते क्लॅम्पनं आवळा. आखूड तुकडा हातात धरून कापायचाच नाही. आधी पातं पूर्ण वेगात येऊ द्या, मग सावकाश खाली आणा. काप झाला की बटण सोडा, पातं थांबेपर्यंत वर उचलू नका. पातं बदलताना प्लग काढलेला हवा. वीज गेली तरी आधी प्लग काढा; ती सांगून परत येत नाही. चष्मा आणि तोंडावर मास्क. हातमोजे मात्र नकोत, पातं ते ओढून घेतं.

पदर, ओढणी, वेणी यांचंही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राची तपासणी, तेलपाणी प्रशिक्षित पुरुषानंच करावं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं पुरवावेत, असं लिहिलेलं होतं. धोका ढगळ कपड्यांत आहे हे कायद्याला कळलं होतं. बाईलाही तसे कपडे द्यावेत हे काही सुचलं नाही. तिला चालत्या यंत्राचं तेलपाणी करायला मनाईच केली.

आणि बांगड्या. काल एकीनं विचारलं, "सासूबाई म्हणतात, नवरा जिवंत असताना हात मोकळे कशाला?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे बाईच्या बांगड्या कधी आणि कुणी उतरवल्या हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. मी इतकंच सांगते, मशीनजवळ काकणं नाहीत, मंगळसूत्र काढून किंवा बंद गळ्याच्या अ‍ॅप्रनच्या आत. काम संपल्यावर घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, सासूबाईंनी नाही आणि मीही नाही.

उद्या तुम्ही कुणाच्या वर्कशॉपवर जाल. तिथं काम लवकर उरकावं म्हणून पात्यावरचं झाकण तारेनं मागं बांधून ठेवलेलं दिसेल. नगावर मजुरी असली की कामगारही ते मुकाट्यानं चालवून घेतात. तार सोडायला लावा, मगच हात लावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के ताकद गेली असं धरलं होतं, आख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. भाकरी थापणं, मूल उचलणं त्या हिशेबात कुठंच नव्हतं.

चला, चष्मे लावा. आधी प्रत्येकीनं टाकाऊ लाकडावर दोन काप घ्यायचे आणि गुण्या लावून मला दाखवायचे.