प्रयोगशाळेचे दार उघडणारी विदुषी : कै. डॉ. कमला सोहोनी
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवा कळस आणि नवी फरशी नव्हे. देवळाचे दार किती जणांसाठी उघडे आहे, यावर त्याचे मोठेपण ठरते. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस उघडावे म्हणूनच. त्याच्या चौदा वर्षे आधी, १९३३ साली, विद्येच्या मंदिराचे असेच एक दार एका मराठी मुलीने उघडावयास लावले. त्या कमला भागवत, पुढे डॉ. कमला सोहोनी.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या. पुढील संशोधनासाठी बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच : अर्जदार मुलगी आहे.

दुसरी कोणी असती तर रडून गप्प बसली असती. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि सत्याग्रहाच्या मार्गाने प्रवेशाचा हट्ट धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर काम पाहिले जाईल, तोवर रीतसर मान्यता नाही. आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान त्यांनी गिळला आणि श्री. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि नंतर येणाऱ्या मुलींसाठीही संस्थेचे दार मोकळे झाले. त्यांचा खरा विजय हाच.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही श्वसनक्रियेस साह्य करणारे सायटोक्रोम-सी असते, हे त्यांनी बटाट्यावरील कामातून दाखविले. १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! परदेशी राहता आले असते. त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची आहार प्रयोगशाळा आणि विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या.

शहाडला रसायन हा शब्द नवा नाही. रेयॉनच्या कारखान्यामुळे तो येथील घराघरांत पोचला. पण रसायन केवळ कारखान्यात नसते. ते गरिबाच्या ताटातही असते, हे डॉ. सोहोनींनी ओळखले. आपले वाल घ्या. कच्च्या कडधान्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात. त्यांचा अभ्यास त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. ही द्रव्ये शिजवल्याने बरीचशी निष्प्रभ होतात. वाल नीट शिजवून खाण्याची आजीबाईंची रीत विज्ञानाच्या कसोटीस उतरली.

नीरेचेही तसेच. पहाटे झाडावरून काढलेला हा गोड रस ऊन चढताच आंबतो आणि त्याची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून डॉ. सोहोनींनी नीरेचा अभ्यास केला. तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा लाभ होत असल्याचे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ताडा-शिंदीची झाडे आणि आदिवासी पाडे पाहिलेल्या ठाणे जिल्ह्यास या कामाची किंमत वेगळी सांगावयास नको.

एवढी योग्यता असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना उशिरानेच मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या द्वारे त्यांनी ग्राहकांना सावध केले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांची प्राणज्योत मालवली.

ग्रामस्थहो, आज शहाडहून लोकलने मुंबई गाठणे अवघड नाही. अवघड आहे ते घरचा उंबरा ओलांडणे. विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या मुलीला 'आता पुरे' असे ज्या घरात म्हटले जाते, तेथे बंगलोरचे ते दार अजून बंदच आहे. देवळाचा जीर्णोद्धार वर्गणीने झाला. हे दार उघडण्यास वर्गणी लागत नाही, मन लागते. ते उघडले, तर तीच कै. डॉ. सोहोनींना खरी आदरांजली ठरेल.

जय हरी विठ्ठल!