दोन टिंबे

संमेलनाच्या अध्यक्षाने मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. चेन्नईच्या सी-डॅकचे बॉस लिनक्स, मुंबईच्या फ्रापेचे ईआरपीनेक्स्ट, २०२०पासूनचे फॉस युनायटेड: आढावा झाला.

या अध्यक्षाचे गाऱ्हाणे मात्र येणाऱ्या पॅचबद्दलचे आणि जुने आहे. दुरुस्ती दोन ओळींची असते आणि पॅचमध्ये प्रोजेक्ट फाइलच्या शेकडो ओळी घुसलेल्या असतात. व्हिज्युअल स्टुडिओची आवृत्ती बदलली की प्रोजेक्ट फाइलही बदलू शकते. २०२०मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज व्यवस्थापकाची सातवी आवृत्ती आली आणि जुन्या लॉकफाइली नव्या स्वरूपात लिहिल्या जाऊ लागल्या. पाठवणाऱ्याने यातले काहीच हाताने केलेले नसते. त्याने ‘गिट ॲड’पुढे फक्त एक टिंब, म्हणजे ‘सगळेच बदल घे’, दिलेले असते.

फ्रापेचे उदाहरण घरचेच. तिथे नोंदीच्या प्रकाराची, म्हणजे डॉकटाइपची, व्याख्या जेसन फाइलमध्ये राहते आणि तिच्यात ‘मॉडिफाइड’ अशी वेळेची ओळ असते. दोघांनी वेगवेगळी फील्ड जोडली, तरी मर्ज करताना भांडण त्या ओळीवर होते. पण ती सरसकट उडवताही येत नाही; व्याख्या बदलली आहे का, हे ओळखायला तीच ओळ वापरली गेली आहे. कुठला बदल फालतू, हे म्हणूनच पाठवणाऱ्याने सांगायला हवे. तपासणाऱ्याने ते हुडकत बसायचे नाही.

सहकाऱ्यांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, फॉरमॅटर आणि बॉट लावा, प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो, नवख्यांना टोकू नका, पळून जातील. अध्यक्षाने एकदा सांगलीकडच्या एका विद्यार्थिनीचा असा पॅच परत केला. ‘प्रोजेक्ट फाइल मूळपदावर आणा, मग “गिट ॲड -पी”ने एकेक तुकडा बघून घ्या,’ एवढेच लिहिले. ती पळाली नाही. पुढच्या पॅचमध्ये तिने अध्यक्षाच्याच कमिटमधली सुटलेली रिकामी जागा दाखवून दिली. दुसऱ्या तटाचे उत्तर त्यात आले.

पहिल्या तटाचे उत्तर जगाने २०२४मध्ये पाहिले. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात चोरदार सापडले. लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जादा का लागतो, याचा माग काढत आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते तिथवर पोचले. त्याच प्रकल्पाच्या बांधणीच्या सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये, लँडलॉक हे लिनक्समधले सुरक्षेचे कुंपण उपलब्ध आहे का हे बघणाऱ्या चाचणीच्या कोडमध्ये एका ओळीवर नुसते एक टिंब होते. त्यामुळे चाचणीचा कोड कधीच कंपाइल होत नसे आणि लँडलॉक गुपचूप बंद राही. शेकडो फालतू ओळी रोज डोळ्यांखालून घालणाऱ्याला असले टिंब दिसेल? बॉटच्या भरवशावर बसलेल्याला तर नाहीच.

आपण जमलो आहोत त्या चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये १७९२ साली वेधशाळा उभी राहिली. वेधशाळेत पर्जन्यमापक हलवला तर ती नोंद वेगळी ठेवावी लागते; पावसाच्या आकड्यात ती मिसळून चालत नाही. प्रोजेक्ट फाइलचा बदलही असाच वेगळ्या पॅचमध्ये, कारणासकट यावा. न आल्यास पॅच परत, मग पाठवणारा कितीही थोर असो.

पॅच पाठवण्याच्या या रीतीची मराठी-तमिळ मार्गदर्शिका निघावी, नवख्यांसाठी सराव शिबिर व्हावे, एक समितीही नेमावी. सदस्य कोण आणि मुदत किती, ते कार्यकारिणीने चहानंतर ठरवावे.