एक मोठा पडदा कीं अनेक संच?

कांहीं प्रश्न दिसावयास केवळ बाजाराचे असतात. परंतु त्यांचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे घराच्या राहणीचीच परीक्षा होते. घरीं क्रिकेटचे वा फुटबॉलचे सामने पाहण्यासाठीं भिंतभर चित्र पाडणारा प्रोजेक्टर घ्यावा, कीं त्याच पैशांत दोन-तीन टेलिव्हिजन संच घ्यावे, हा प्रश्न अशांपैकीं आहे. दुकानदारास विचारलें तर तो शिल्लक असलेली वस्तु सांगेल. मुलांस विचारलें तर तीं मोठ्यांत मोठें चित्र मागतील. तेव्हां श्रोतेहो, पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं या दोन साधनांचा स्वभाव ओळखून घेणें हेंच शहाणपणाचें.

टेलिव्हिजनचा संच प्रकाश थेट डोळ्यांकडे पाठवितो. प्रोजेक्टरचा प्रकाश आधीं पडद्यावर पडतो व तेथून परतून डोळ्यांकडे येतो. आतां त्याच पडद्यावर खिडकींतला उजेडहि पडत असतो. प्रोजेक्टर प्रकाश टाकूं शकतो. काळोख टाकूं शकत नाहीं. त्यामुळें चित्रांतला काळा भाग खोलींतल्या उजेडाइतका उजळ राहतो, आणि सारें चित्र धुतलेल्या कापडासारखें फिकें दिसतें. शिवाय गणिताचा एक साधा नियम येथें आडवा येतो. चित्राची लांबी व रुंदी दुप्पट केली कीं क्षेत्रफळ चौपट होतें. प्रकाश मात्र तेवढाच असल्यामुळें दर चौरस फुटाच्या वांट्यास तो चौथाईच येतो.

म्हणून सामन्याची वेळ हा पहिला विचार. आयपीएलचा सायंकाळचा सामना साडेसातला सुरू होतो. दिवे मालवले कीं प्रोजेक्टरचें चित्र खुलून दिसतें. तोच सामना दुपारीं साडेतीनचा असला, तर एप्रिलच्या उकाड्यांत खिडक्यांवर जाड पडदे ओढून बसावें लागतें. इंग्लंडमधील कसोटी सामनाहि भारतीय वेळेप्रमाणें बहुधा दुपारीं साडेतीनलाच सुरू होतो. मेलबर्नचा सामना पहांटे पांचला, काळोखांत सुरू होतो खरा; पण उपाहारानंतरचा खेळ रंगूं लागतो तों खिडकींत ऊन आलेलें असतें.

दुसरा विचार जागेचा. १०० इंची चित्राची रुंदी सुमारें सव्वासात फूट व उंची सुमारें चार फूट भरते. एवढें चित्र पाडण्यास साधा प्रोजेक्टर बहुधा नऊ ते अकरा फुटांचें अंतर मागतो. शहरांतल्या दिवाणखान्यांत तेवढ्या अंतरांतूनच स्वयंपाकघराची वाट जाते. आणि झेल उडाला असतां नेमकी त्याच क्षणीं कोणाची तरी सावली खेळपट्टीवर पडते! भिंतीलगत ठेवावयाचे प्रोजेक्टर ही अडचण टाळतात, पण ते महाग असतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रांतला दिवा कांहीं हजार तासांनीं बदलावा लागतो. लेझरच्या यंत्रास ही कटकट फारशी नसते. आवाजासाठींहि बहुधा वेगळी सोय करावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथें शब्दशः लागू पडते.

इतकें असूनहि प्रोजेक्टरचा गुण मोठा आहे. १०० इंची चित्राचें क्षेत्रफळ ४३ इंची संचाच्या पांचपटींहून अधिक असतें. ज्या आजोबांची दृष्टि मंदावली आहे, त्यांना धावफलकाचे आंकडे कोणास न विचारतां वाचतां येतात. आठ-दहा माणसें बसलीं तरी कडेला बसणाऱ्यास चेंडू दिसतो.

मग अनेक संचांची गरज कोणास? जो एका वेळीं दोन सामने पाहूं इच्छितो त्यास. फुटबॉलच्या विश्वचषकांत ही गरज नियमानेंच निर्माण झाली आहे. २५ जून १९८२ रोजीं स्पेनमधील हिहोन येथें पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना झाला. त्या गटांतील अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशींच संपला होता. त्यामुळें जर्मनीच्या एक-दोन गोलांच्या विजयानें आपण दोघेहि पुढें जाऊं, हें उभय संघांस ठाऊक होतें. दहाव्या मिनिटास जर्मनीचा गोल झाला आणि पुढें खेळांत जीवच उरला नाहीं. अल्जीरिया बाहेर पडला. या प्रकारानंतर १९८६ पासून प्रत्येक गटांतले शेवटचे दोन सामने एकाच वेळीं खेळविले जातात.

त्याची मौज १ डिसेंबर २०२२ च्या रात्रीं कतारमध्यें दिसली. भारतांत तेव्हां २ तारखेचे साडेबारा वाजून गेले होते. एका मैदानावर जपान स्पेनच्या पुढें, दुसऱ्यावर कोस्टारिका जर्मनीच्या पुढें. आणि सुमारें तीन मिनिटें स्पेन व जर्मनी हे दोन्ही माजी विश्वविजेते स्पर्धेबाहेर होते! अखेरीस जर्मनी जिंकूनहि बाहेर गेला. एकाच पडद्यावर पाहणाऱ्यास या नाट्याचा अर्धाच भाग दिसला.

परंतु असे दिवस वर्षांत किती? मनुष्यास डोळे दोन असले तरी लक्ष एकच असतें. दोन संचांचे आवाज एकमेकांत मिसळले कीं एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होते. त्यांतच एक संच डिशवर व दुसरा इंटरनेटवर चालत असेल, तर दुसरा बहुधा कित्येक सेकंद मागें राहतो. आणि शेजारच्या खोलींतल्या आरोळीनें षट्‌कार दिसण्यापूर्वींच कळतो.

खरा प्रश्न याहून खोल आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस टेलिव्हिजन सुरू झाला, तेव्हां चाळींतल्या एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे आणि सारीं मुलें त्याच्यापुढें मांडी घालून बसत. टंचाईनें जें सहज घडविलें, तें आजच्या सुबत्तेंत जाणून करावें लागतें. खोलीगणिक संच झाले, तर विजयाची धांव निघाली असतां आजोबांनीं टाळी द्यावी तरी कोणाच्या हातावर? उलटपक्षीं, प्रोजेक्टरसाठीं सारें घर काळोखांत बुडवून गृहिणीनें अंधारांत भाजी चिरावी व परीक्षार्थी मुलानें जिन्यांतल्या दिव्याखालीं बसावें, हाहि न्याय नव्हे.

ज्या घरांत अंधार करतां येईल अशी स्वतंत्र खोली आहे व सहा-आठ प्रेक्षक नेहमीं जमतात, त्यानें प्रोजेक्टर घ्यावा. इतर बहुतेक घरांस मधल्या खोलींत एक चांगला मोठा संच पुरे. दुसऱ्या सामन्याची हौस असेल, तर त्याच खोलींत शेजारीं एक लहान संच आवाज बंद करून ठेवावा. अनेक खोल्यांत अनेक संच हा मार्ग मात्र शेवटचा समजावा.

खरेदीपूर्वीं गृहस्थानें महिनाभर एक वही ठेवावी. कोणता सामना, किती वाजतां, कोण कोण बसलें, एवढेंच तींत लिहावें. भिंतीवर सुतळीनें सव्वासात फूट बाय चार फुटांची चौकट आंखून पहावी. महिन्याअखेर वहींत बसणारांचीं नांवें किती भरलीं हें मोजावें. त्या संख्येंतच प्रश्नाचें उत्तर सांपडेल.