विद्यापीठाचा दर्जा आणि संशोधनवृत्ती



आपली मुले पदवीधर व्हावीत, ही आज आपल्या समाजातील घराघरांतली इच्छा आहे. त्यासाठी पोटाला चिमटा काढणारे पालकही थोडे नाहीत. परंतु पदवी हाती आली म्हणजे शिक्षण झाले, हा समज मात्र सोडला पाहिजे. गाइड पाठ करून परीक्षा सुटते. विचार करण्याची सवय त्यातून लागत नाही.

विद्यापीठाचा दर्जा इमारतीवर ठरत नाही. 1810 साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने बर्लिन विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा अध्यापन आणि संशोधन हातात हात घालून चालावे, हा विचार त्यामागे होता. जो शिक्षक स्वतः शोध घेत असतो, तोच विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला शिकवतो.

याच बर्लिनला आपल्या मुंबईचे सालिम अली पक्षिशास्त्र शिकण्यासाठी गेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली अभ्यास करून ते परतले, तेव्हा हाताला नोकरीही नव्हती. 1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण आरंभले. आपण ‘सुगरण’ म्हणतो आणि घरटे मादीच विणते असे धरून चालतो. प्रत्यक्षात विणणारा असतो नर. तो घरटे अर्धवट बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधायला घेतो. हा सारा क्रम सालिम अलींनी चिकाटीने पाहून नोंदवला. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संशोधन पदव्या मिळवल्या. 1976 साली राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण दिले.

मित्रांनो, यातून घ्यायचे ते एवढेच, की संशोधन हे काही मूठभर हुशारांचे राखीव क्षेत्र नव्हे. आपल्या गावची विहीर, आपला यंत्रमाग, आपल्या आजीची बोली, हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. प्राध्यापकांना प्रश्न विचारा. ग्रंथालयात बसा. स्वतः पाहिलेले वहीत लिहा.

पालकहो, महाविद्यालय निवडताना तेथील ग्रंथालय आणि प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते, प्राध्यापक स्वतः काय अभ्यासतात, हेही विचारा. एम.ए., एम.एस्सी. झालेल्या मुलाला ‘आता पुरे, कमवायला लाग’ म्हणण्याची, आणि मुलीच्या लग्नाची, घाई करू नका. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्या विद्यार्थ्याला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. शोध घेणारे मूल घरावर ओझे नसते.

आपल्या मुलांनी विद्यापीठातून केवळ प्रमाणपत्र आणू नये, विद्यापीठाच्या ज्ञानात भरही घालावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.