पायी येण्याच्या अंतरावर

(२६ ऑक्टोबर २०२५ रोजी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला ‘परदेशातले सणवार’ आणि वेळ दिला दहा मिनिटं. बाईंच्या तासाला निबंधाला चाळीस मिनिटं असायची, तरी माझा शेवटचा परिच्छेद राहायचाच. तेव्हा सांभाळून घ्या.

इंजिनिअरिंग सांगलीला केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २००८ मध्ये लंडनला गेले. दुकानांचे कार्डावरचे व्यवहार ज्या यंत्रणेतून जातात, ती चालू ठेवणाऱ्या टीममध्ये मी काम करते. सतरा वर्षांनी यंदाची दिवाळी साताऱ्यात केली, त्यामुळे दोन्हीकडच्या गोष्टी डोक्यात ताज्या आहेत.

तिकडे दिवाळी असते का, असं परवापासून बऱ्याच जणांनी विचारलं. असते, आणि दणक्यात असते. ट्रफाल्गर चौकात मोठा कार्यक्रम होतो. वेम्बलीला ईलिंग रोडवर आणि साउथॉलला गेलात तर पणत्यांपासून रांगोळीच्या रंगांपर्यंत सगळं मिळतं. आपलं महाराष्ट्र मंडळ तर तिथे १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला मंडळाची स्वतःची वास्तू आहे. फटाक्यांच्या कायद्यातसुद्धा दिवाळी आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी, पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा. दीडशे वर्षं राज्य केल्याची एवढी तरी भरपाई!

सुट्टी मात्र नाही. इंग्लंडात वर्षाला सार्वजनिक सुट्ट्या साधारण आठच, त्यांत दिवाळी नाही. म्हणून दिवाळी शनिवारी सरकते. यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारी होतं, तिकडच्या आमच्या मित्रमंडळींचा फराळ काल झाला. त्यासाठी हॉल घ्यायचा, कोणी काय आणायचं याची यादी करायची, आणि रात्री नऊला झाडून-पुसून किल्ली परत द्यायची. पन्नास-साठ माणसं जमतात, पण बहुतेक जण ट्यूबने तासभर प्रवास करून आलेले असतात. गप्पा रंगात आल्या की कोणीतरी घड्याळ बघतं. चकली उत्तम असते. अवचित कोणी येत नाही, एवढंच.

आमची लेक लहान असताना मागच्या बागेत आम्ही किल्ला करायचो. लंडनची माती चिकण, त्यामुळे बुरूज छान उभे राहतात, मग पाऊस येतो आणि अजिंक्यताऱ्याची दरड कोसळते. हिरवळ यावी म्हणून आपण अळीव पेरायचो, आठवतं? तेच अळीव तिकडच्या बालवर्गात मुलं कापसावर उगवतात आणि अंड्याच्या सँडविचमध्ये घालून खातात. माझ्या लेकीला शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर सँडविचचा पाला का लावायचा, हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती. गेल्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली, म्हणजे हॅलोवीनला. दारात आकाशकंदील बघून भुतांचे मुखवटे घातलेली मुलं थेट आमच्याकडेच वळली. त्यांना शंकरपाळी दिली. दोघं पुन्हा आली.

खऱ्या लक्ष्मीपूजनाला मात्र मी ऑफिसात असते. इथे साडेसहाला आई पूजा मांडते तेव्हा तिकडे दुपारचा एक किंवा दोन वाजलेला असतो. एक की दोन, ते घड्याळावर. आजच सकाळी आपल्या साडेसहाला तिथली घड्याळं एक तास मागे गेली. रिकामी मीटिंग रूम शोधायची, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा. आई निरांजन कॅमेऱ्यापुढे ओवाळते आणि मला पडद्यावर फक्त पांढरा गोळा दिसतो. काचेबाहेर पुढच्या मीटिंगची माणसं लॅपटॉप घेऊन उभी असतात.

आता नाताळाबद्दल सांगते, कारण माझ्या लेखी लंडनमधला खरा सण तोच ठरला. आमच्या यंत्रणेत डिसेंबरच्या मध्यानंतर नवे बदल करायचे नाहीत असा दंडक आहे, पण बिघाड काही नाताळची सुट्टी घेत नाही. कोणालातरी फोन उशाशी घेऊन राहावं लागतं. पहिल्या वर्षीच मी टीममध्ये सौदा केला : नाताळ मी सांभाळते, दिवाळीचे दोन दिवस तुम्ही सांभाळा. तेव्हापासून २५ डिसेंबर माझाच. सौदा दिसायला बरोबरीचा आहे. फक्त त्यांना त्या दिवशी आईच्या घरी जाता येतं आणि मला दिवाळीचे दोन दिवस मिळाले तरी सातारा त्यात बसत नाही.

त्या दिवशीचं लंडन तुम्ही बघायला हवं. ट्यूब बंद, बस बंद, लोकल गाड्या बंद. मोठी दुकानं उघडायला तर कायद्यानेच मनाई आहे, २००४ चा कायदा आहे तसा. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. ज्यांचं कुटुंब जवळ आहे ते आदल्या दिवशीच पोचलेले असतात. मागे उरतात ते आमच्यासारखे. आणि वाहनच नसल्यामुळे त्या दिवशी तुमच्याकडे तोच येऊ शकतो, जो चालत येऊ शकतो.

आमच्याकडे अशी पंगत बारा-तेरा वर्षं बसते आहे. ठरवून सुरू केली नव्हती. वरच्या मजल्यावर नायजेरियाची एक नर्स राहते, ती रात्रपाळी करून हॉस्पिटलातून चालत येत होती. जिन्यात भेटली, तिला म्हटलं, मसालेभात केलाय, ये. पुढच्या वर्षी तिने कोइम्बतूरच्या एका विद्यार्थ्याला आणलं. मग शेजारच्या आजी आल्या. इंग्रज, ऐंशीच्या पुढच्या, येताना पुडिंग घेऊन येतात. त्यांचा मुलगा मेलबर्नला. तो फोन करतो तेव्हा त्याचं जेवण आटपलेलं असतं आणि यांचा दिवस नुकता उजाडलेला असतो. तीन वाजता राजाचं भाषण लागतं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी गप्प बसायचं हा आजींचा नियम. मध्येच माझा फोन वाजला तर मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जाते, आणि आजी माझ्या ताटावर झाकण ठेवतात.

एका वर्षी त्यांना घरी सोडायला गेले. फार तर पन्नास पावलं. दारात त्यांनी विचारलं, “तुझ्या आईकडे सणाला कोण जातं?”

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. तिला तिकडे कायमचं का नेत नाही, हेही परवापासून सात-आठ जणांनी विचारलं. तर त्याचं उत्तर सगळ्यांना एकदमच देते. पाहुणी म्हणून ती एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहू शकते. कायमचं न्यायचं तर २०१२ पासूनचा नियम असा, की आईला रोजच्या साध्या कामांनाही दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत पैसे मोजूनही इथे मिळत नाही हे कागदोपत्री सिद्ध झालं पाहिजे. माझी आई अजून स्वतः चकल्या पाडते, म्हणजे अपात्र. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “बरं झालं की, धडधाकट आहे असं विलायतेच्या सरकारनेच ठरवलं.” आणि पात्र झाली असती तरी आली नसती, हे मला माहीत आहे. मी परत का येत नाही, हा प्रश्न उरतो. लेक विद्यापीठात गेली आहे, घराचे हप्ते आहेत, नोकरी आवडते. ही कारणं खरी आहेत, आणि आईला ती माझ्यापेक्षा जास्त पटलेली आहेत.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. कारण आई दर दिवाळीत मला फोनवर याद्या सांगते. कोणाकडचे अनारसे जाळीदार झाले, कोणाचा चिवडा तिखट होता, पहिल्या अंघोळीला उटणं कोण ठेवून गेलं, भाऊबीजेला कोणाच्या मुलाने ओवाळून घेतलं. त्या यादीतली चार नावं आपल्या वर्गातली आहेत. नावं घेत नाही. चौघंही आत्ता मागच्या बाकावर बसून खाली बघताहेत. मी त्यांना काही आणलेलं नाही. विमानतळावर चॉकलेटं घेतली होती, ती परत बॅगेतच ठेवली, बरोबर वाटेना.

त्यातल्या एकाला काम सांगते आणि थांबते. दरवर्षी तूच शिडी लावून आमचा आकाशकंदील टांगतोस, यंदा मी टांगला. आई तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवते. मी एक तारखेला निघते, पौर्णिमा त्यानंतर आहे. शिडी मागच्या पडवीत आहे, तिची खालून दुसरी पायरी हलते. आई म्हणेल मीच काढते. तिला चढू देऊ नकोस.